सागाचें कुलशील

विवाह जुळवितांना कुलशील पाहण्याची चाल जुनी आहे, आणि ती केवळ माणसांपुरती नाहीं. शेतकरी जोंधळ्याचें बियाणें धरतो तें शेतांतील टपोरें कणीस पाहून. बैल विकत घेतो तो त्याच्या आईबापांची चौकशी करून. आणि आंब्याचें कलम कोणत्या झाडावरून बांधावयाचें हें कोंकणांतल्या बागाईतदाराला कोणी शिकवावें लागत नाहीं. उत्तम तें बियाण्यास राखावें आणि बाकीचें खावें, या साध्या नियमानें हजारों वर्षें चालत आल्यामुळेंच रानटी गवतांचीं धान्यें झालीं. परंतु एक पीक असें आहे कीं, ज्याच्या बाबतींत मनुष्यानें हा नियम नेमका उलटा चालविला. तें पीक म्हणजे जंगलांतील इमारती लाकूड. तेथें उत्तम तें तोडलें गेलें, आणि हिणकस तें बियाण्यासाठीं मागें राहिलें.

सागाच्या इतिहासांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेल्या जहाजांना मलबारी साग लागे. १८१७ सालीं त्यांनीं पाण्यांत सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका दोनशें वर्षें उलटून गेल्यावरहि इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेली आहे. सागाच्या टिकाऊपणाला याहून मोठा दाखला नको. परंतु अशा नौकेच्या लांबलांब फळ्या कोणत्या झाडांच्या निघत? अर्थातच उंच, सरळ आणि निरोगी झाडांच्या. ठेंगणें, दुबेळक्याचें वा आंतून पोकळ झाड कुऱ्हाडवाल्यानें सोडून दिलें, आणि पुढें जंगलांत जें बीं पडत राहिलें तें या सोडून दिलेल्या झाडांचें. दरसाल टपोरीं कणसें दळून खाणारा आणि पोचट दाणे पेरणारा शेतकरी शेवटीं काय कापील, हें सांगावयास नको.

मलबारचीं रानें अशा रीतीनें विरळ होत चाललीं तेव्हां तेथील कलेक्टर कॉनोलीसाहेब यांनीं साग मुद्दाम लावण्याचें मनावर घेतलें. १८४० नंतरच्या दशकांत नीलांबूर येथें चातु मेनन या कर्तबगार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं लागवड सुरू झाली, आणि १८४६ च्या सुमारास लावलेल्या सागवनाचा एक तुकडा तेथें अजून उभा आहे. मात्र त्या वेळीं सर्वांपुढें मुख्य प्रश्न होता तो बीं उगवावें कसें हा. सागाचें फळ मोठें हट्टी असतें. वर नमद्यासारखें जाड आवरण, त्याखालीं दगडासारखी कठीण कवटी, कवटींत चार कप्पे, आणि त्या चार कप्प्यांत बहुधा एकदोनच बिया, पुष्कळदां तर एकहि नाहीं. अनेक उपाय फसल्यानंतर रोपवाटिकेंत रोपें तयार करून लावण्याची रीत बसली. बीं उगवलें यांतच तेव्हां धन्यता वाटली, आणि तें स्वाभाविक होतें. तें बीं कोणत्या झाडाचें, हें विचारण्याची सवड त्या काळीं कोणालाच नव्हती.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल कीं, हें विचारण्याची गरज तरी काय? साग तो साग. जमीन कसदार असली, पाऊस वेळेवर पडला, तर झाड चांगलें होणारच. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. नदीकांठच्या खोल, निचऱ्याच्या जमिनींत साग उंच जातो आणि मुरमाड माळावर खुरटतो, हें जंगलांत फिरणाऱ्या कोणालाहि ठाऊक आहे. परंतु म्हणूनच एखादें देखणें झाड पाहून त्याच्या देखणेपणांत जमिनीचा वांटा किती व रक्ताचा वांटा किती, हें नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं. तें सांगण्याचा एकच मार्ग आहे. निरनिराळ्या कुळांचीं रोपें एकाच जमिनींत, एकाच वर्षीं, एकमेकांशेजारीं लावावीं आणि वाट पाहावी. जमीन व पाऊस सर्वांस सारखाच मिळाला म्हणजे मग जो फरक उरेल तो कुळाचा.

असा प्रयोग प्रथम झाला तो युरोपांत. फ्रान्समधील विल्मोरें यांनीं १८२० नंतरच्या काळांत आपल्या ले बार येथील जमिनींत देशोदेशींच्या पाइन वृक्षांचें बीं आणून लावलें. जात एकच, परंतु एका देशाच्या बियांपासून सरळसोट झाडें झालीं, तर दुसऱ्या देशाच्या बियांपासून वांकडींतिकडीं. हिंदुस्थानांत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेनें १९३० नंतरच्या दशकांत सागाच्या बियांच्या मूळस्थानाचा प्रश्न हातीं घेतला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत डेन्मार्कच्या वनबीज केंद्राच्या पुढाकारानें हिंदुस्थान, थायलंड, लाओस, इंडोनेशिया वगैरे ठिकाणचें बीं गोळा करण्यांत आलें आणि आशिया, आफ्रिका व अमेरिका या तिन्ही खंडांतील उष्ण प्रदेशांत तें शेजारीं शेजारीं लावण्यांत आलें. कांहीं वर्षांनीं मोजमापें झालीं तेव्हां दिसून आलें कीं, वाढीचा वेग, खोडाचा सरळपणा, झाडाची प्रकृति आणि फुलण्याचें वय या सर्व बाबतींत मूळस्थानाप्रमाणें फरक पडतो. दुसरी गोष्ट अशी कीं, सर्वत्र सरस ठरेल असें एकहि मूळस्थान आढळलें नाहीं. एका हवेंत पहिलें आलेलें बीं दुसऱ्या हवेंत मागें पडलें.

वरच्या यादींत 'फुलण्याचें वय' हा गुण पाहून कोणाला आश्चर्य वाटेल. लाकडासाठीं लावलेल्या झाडाच्या फुलांशीं काय कर्तव्य? परंतु सागाच्या बाबतींत सारी मेख येथेंच आहे.

सागाचा फुलोरा फांदीच्या कडेला येत नाहीं. तो शेंड्याला येतो. पावसाळ्यांत सागाच्या माथ्यावर पांढुरक्या फुलांचे मोठाले तुरे दिसतात ते याच शेंड्यांचे. ज्या अंकुरानें खोड दरसाल उंच न्यावयाचें, तोच अंकुर एका वर्षीं फुलोऱ्याचें रूप घेतो आणि तेथें त्याचें आयुष्य संपतें. शेंडा असा खर्ची पडला कीं त्याच्या खालच्या समोरासमोरच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात आणि खोडाला बेचकें पडतें. तुळईच्या उपयोगाचा अखंड सोट बहुधा येथेंच संपतो. म्हणजे मुख्य खोड पहिल्यानें कोणत्या वर्षीं फुललें, यावर त्या झाडापासून केवढें लांब लाकूड निघणार हें बरेंचसें ठरून जातें. लवकर फुललेलें झाड बुटकेंच दुभंगतें. जें पुष्कळ वर्षें थांबतें तें उंच गेल्यावर फुलतें. आणि हें लवकर वा उशिरां फुलणें बऱ्याच अंशीं कुळावर अवलंबून असतें.

आतां बीं गोळा करणाऱ्या मजुराचा विचार करावा. त्याला मजुरी मिळते ती पोत्याच्या वजनावर. तो साहजिकच अशा झाडाकडे जातो, जें वाटेच्या कडेला आहे, ठेंगणें आहे, ज्याचा विस्तार मोठा आहे आणि ज्याच्याखालीं फळांचा सडा पडलेला आहे. म्हणजेच लवकर फुलणाऱ्या, लवकर दुभंगलेल्या झाडाकडे. जें उंच, सडसडीत झाड उशिरां फुलतें, तें फळें थोडीं देतें, आणि रोपवन तरुण असतांना तर मुळींच देत नाहीं. त्यामुळें मजूर प्रामाणिक असला, मेहनती असला, तरी त्याचें पोतें भरतें तें बहुतेक हलक्या कुळाच्या बियांनीं. यांत कोणाची लबाडी नाहीं. कुऱ्हाड उत्तम झाडें उचलीत होती आणि पोतें हलक्या झाडांचा वंश वाढवीत होतें. दोहोंचा परिणाम एकाच दिशेनें झाला. शिवाय धान्यांतली चूक सहा महिन्यांत कळते; सागाला तोडीस यावयास पन्नासापासून ऐंशीपर्यंत वर्षें लागतात. चुकीचें बीं लावणारा अधिकारी आपली चूक पाहावयास उरत नाहीं.

या उलट्या नियमाला सुलट करण्याचें काम हिंदुस्थानांत १९६० च्या सुमारास पद्धतशीरपणें सुरू झालें. रीत मूळची युरोपांतील. डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ सिरॅक लार्सन हे तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक. रीत अशी कीं, प्रथम जंगलें व रोपवनें पायाखालीं घालून हजारों झाडांतून एखादें झाड निवडावयाचें. तें उंच असावें, खोड वाटोळें व सरळ असावें, फांद्या बारीक असाव्यात, कीड नसावी आणि तें उशिरां फुललेलें असावें. परंतु त्याची तुलना करावयाची ती शेजारच्या त्याच वयाच्या झाडांशीं. कारण तींहि त्याच मातींत वाढलेलीं असतात. शेजारीं सर्वच झाडें उंच असलीं तर ती जमिनीची पुण्याई. सर्वांत एकच झाड उठून दिसलें तर तेथें कुळाचा संशय घेण्यास जागा आहे.

निवडलेलें झाड जंगलांतच राहतें. त्याच्या फांदीवरील डोळे काढून आणावयाचे आणि रोपवाटिकेंतल्या साध्या सागाच्या रोपावर डोळा भरावयाचा, जसा माळी गुलाबावर भरतो तसा. रोपाचें मूळ कोणाचेंहि असो. वरचें झाड त्या निवडलेल्या वृक्षाची हुबेहूब प्रतिमा होतें. अशा अनेक वृक्षांच्या प्रतिमा एका मोकळ्या जागीं लावल्या कीं बीजोद्यान तयार झालें. लावतांना दोन पथ्यें पाळावयाचीं. एकाच वृक्षाच्या दोन प्रतिमा शेजारीं येऊं द्यावयाच्या नाहींत, कारण साग स्वतःचा पराग सहसा स्वीकारीत नाहीं. मधमाश्यांसारखे कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात तेव्हांच फळ धरतें. आणि उद्यान साध्या सागवनापासून दूर असावें, नाहीं तर बाहेरचा पराग आंत येऊन केलेली सारी निवड पाण्यांत जाते.

एवढ्यानें काम संपलें असें मात्र नव्हे. वळू अंगापिंडानें कितीहि देखणा असला तरी गवळी त्याची खरी परीक्षा त्याच्या कालवडींच्या दुधावरून करतो. झाडाचेंहि तसेंच आहे. सागाच्या प्रत्येक पेशींत ३६ रंगसूत्रें असतात. त्यांतलीं १८ आईकडून आलेलीं आणि १८ बापाकडून. जनुकांची ही वांटणी प्रत्येक बियांत निराळी पडते. त्यामुळें देखण्या वृक्षाचीं सर्व लेंकरें देखणीं निघतीलच असें नाहीं. म्हणून प्रत्येक निवडक वृक्षाचीं रोपें वेगळीं ओळखूं येतील अशा रीतीनें, अनेक ठिकाणीं, पुन्हां पुन्हां लावून पाहावीं लागतात. ज्याची संतति मागें पडली त्याच्या प्रतिमा बीजोद्यानांतून काढून टाकावयाच्या. या परीक्षेंत असें दिसतें कीं, सर्व गुण सारख्याच खात्रीनें पुढच्या पिढींत उतरत नाहींत. खोडाचा सरळपणा व फुलण्याचें वय हे गुण बऱ्यापैकीं उतरतात; खोडाचा घेर मात्र जमिनीवर व दोन झाडांतील अंतरावर फार अवलंबून असतो. मक्याची सुधारणा करणारा शास्त्रज्ञ दहा वर्षांत दहा पिढ्या पाहूं शकतो. सागाच्या शास्त्रज्ञाला उभ्या नोकरींत एकदोन पिढ्या पाहावयास मिळाल्या तरी पुष्कळ.

आणि एवढें करून बीजोद्यानांनीं अपेक्षेप्रमाणें बीं दिलें काय? हिंदुस्थानांतील अनुभव असा कीं, पुष्कळ ठिकाणीं फारच थोडें दिलें. सागाचें एक फूल एकच दिवस उमलतें, आणि एका तुऱ्यांत हजारों फुलें असलीं तरी त्यांतलीं अगदीं थोडीं फळास येतात. त्यांतून दूरदूरच्या प्रांतांतले वृक्ष एका उद्यानांत आणले तर कोणी आधीं फुलतो, कोणी नंतर. वधूवर एका मांडवांत आले, पण मुहूर्त निराळे, अशी गत होते. कांहीं उद्यानांची जागाच सागाला मानवणारी नव्हती. त्यामुळें वनखात्यांना एक मधला मार्गहि चालू ठेवावा लागला. उभ्या असलेल्या चांगल्या सागवनांतील वाईट झाडें काढून टाकावयाचीं आणि उरलेल्यांचें बीं घ्यावयाचें. यांत सुधारणा थोडी, परंतु बीं लगेच मिळतें. आणि रस्त्याकडेच्या पोत्यापेक्षां तें केव्हांहि बरें.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेंतून निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं १९८० सालीं सागाच्या ऊतिसंवर्धनाची रीत प्रसिद्ध केली. झाडाचा एक कोवळा डोळा घेऊन, तो निर्जंतुक करून, कांचेच्या नळींत पोषक द्रव्यांवर वाढवावयाचा आणि त्या एकापासून शेंकडों रोपें करावयाचीं. येथें फुलांची, परागाची वा मुहूर्ताची अडचण नाहीं. बियांतून आईचा अर्धाच वारसा उतरतो. ऊतिसंवर्धनानें संबंध वारसा जसाच्या तसा उतरतो. लाभ मोठा आहे, आणि धोकाहि त्याच जागीं आहे. एका झाडाच्या दहा हजार प्रतिमा लावल्या तर त्या झाडाचे दोषहि दहा हजार जागीं लावले जातात. पावसाळ्याच्या तोंडाशीं सागाचीं पानें फस्त करणारी अळी नीलांबूरच्या रोपवनांना चांगलीच परिचयाची आहे. सारें वन एकाच रक्ताचें असेल तर एकाला जडलेली व्याधि सर्वांना जडण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून जाणते लोक एकाऐवजीं अनेक निवडक वृक्षांच्या प्रतिमा मिसळून लावावयास सांगतात.

या सर्व विवेचनाचा शहरांतील कुटुंबांशीं संबंध काय, असें वाटेल; परंतु तो आलेला आहे, आणि चांगलाच महाग पडलेला आहे. १९९० नंतरच्या दशकांत सागाच्या नांवावर पैसा गोळा करणाऱ्या अनेक मंडळ्या देशांत निघाल्या. आज थोडी रक्कम भरावी, मंडळी तुमच्या नांवें झाडें लावील, आणि वीस वर्षांनीं मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या शिक्षणाला लाखों रुपये हातीं येतील, असें आश्वासन असे. कित्येक नोकरदारांनीं पुंजी गुंतविली आणि ती परत आली नाहीं. १९९७ सालीं केंद्र सरकारनें अशा योजना 'सेबी'च्या देखरेखीखालीं आणण्याचें ठरविलें आणि १९९९ सालीं त्यांच्यासाठीं नियम झाले. परंतु तोंवर बरेंचसें नुकसान होऊन गेलेलें होतें.

त्यांतील हिशेब वरवर पाहतां निर्दोष दिसे. झाडांची संख्या गुणिले एका झाडाची किंमत. परंतु ती किंमत जंगलांतील जुन्या सागाची होती. सागाचें मोल त्याच्या पक्क्या, तपकिरी गाभ्यांत आहे, आणि तो गाभा वयानें वाढतो. वीस वर्षांच्या झाडांत पांढुरक्या, कच्च्या लाकडाचा भाग बराच असतो. दाट लावलेल्या झाडांपैकीं पुष्कळशीं मधल्या विरळणींत काढावींच लागतात, म्हणजे पहिली संख्या शेवटपर्यंत टिकत नाहीं. पाणी साचणारी जमीन सागाला सोसत नाहीं. आणि ज्या रोपांवर हा सारा मनोरा उभा होता, तीं कोणत्या झाडाचीं, हें विचारण्याचें पुष्कळांस सुचलें नाहीं.

आजहि रोपवाटिकेंत 'ऊतिसंवर्धित' हा शब्द वाचून गिऱ्हाईक संतुष्ट होतें. हा शब्द रोपाची संख्या कशी वाढविली तेवढेंच सांगतो. कोणत्या झाडापासून वाढविली तें सांगत नाहीं. हलक्या झाडाचें ऊतिसंवर्धन केलें तर हलकींच झाडें हजारोंनीं मिळतील. साध्या सागजडीबद्दलहि हाच प्रश्न विचारावयाचा असतो. वर्षाच्या रोपाचा शेंडा व बारीक मुळें छाटून उरलेली ती मुळी हातांत घेऊन कितीहि निरखली तरी तिचें कुळ कळणार नाहीं. तें विकणाऱ्याच्या नोंदवहींतच असावें लागतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. निवड करणारा कितीहि कुशल असला तरी जें आहे त्यांतूनच तो निवडूं शकतो; नवीन गुण त्याला मनानें घडवितां येत नाहीं. जनुकांच्या अभ्यासानें दिसून आलें आहे कीं, हिंदुस्थानांतील रानटी सागाइतकी विविधता या वृक्षाच्या इतर देशांतील वनांत आढळत नाहीं. कोइमतूरच्या वन-आनुवंशिकी संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं सागाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केल्यामुळें हा अभ्यास आतां अधिक सुकर झाला आहे. आलापल्लीचा साग, मेळघाटचा साग, डांगचा साग, कानड्यांतला साग, मलबारचा साग, हीं एकाच जातीचीं निरनिराळीं घराणीं आहेत. प्रत्येक घराणें आपापल्या पावसाशीं आणि मातीशीं हजारों वर्षें जुळवून घेत आलेलें आहे. उद्यां पाऊस कमी झाला किंवा एखादी नवी कीड आली तर तिच्याशीं टिकणारें झाड याच रानांतून शोधावें लागेल. चांगल्या कुळाचीं रोपवनें वाढवावींच. परंतु त्यांच्यासाठीं हीं जुनीं रानें मोडलीं तर निवड करावयास पुढें कांहीं उरणार नाहीं.

बियांच्या पोत्याला एक चिठ्ठी बांधावी, आणि तीवर तें बीं कोणत्या रानांतलें, कोणत्या निवडीचें आणि कोणत्या वर्षीं गोळा केलेलें एवढें लिहावें, यास खर्च जवळजवळ कांहींच येत नाहीं. ती चिठ्ठी नसल्याचा खर्च मात्र साठ वर्षांनीं, कुऱ्हाड लावण्याच्या दिवशीं, एकदम समोर येतो.